‘मैत्री’ क्लिनिक : आईवडिलांना न घेता आलेल्या मुलामुलींना इथे काय मिळतं, काय नाही

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम ७ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाला. त्याखाली १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत वेगळी ओपीडी चालते आणि महाराष्ट्रात ती ‘मैत्री’ या नावाने ओळखली जाते. जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत त्यासाठी समुपदेशक नेमायचे असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात बहुधा आठवड्यातल्या ठरलेल्या वारी डॉक्टर किंवा नर्सताईच ती पाहतात. वार आणि वेळ आशाताईंना आधी विचारून जावं, नाहीतर मूल नेहमीच्या ओपीडीच्या रांगेत उभं राहतं आणि ओळखीचं कुणी दिसलं की परत फिरतं.

थोडक्यात सांगायचं तर सल्ल्यासाठी ही सेवा उत्तम आहे. तपासणी आणि औषधांसाठी ठीक आहे. गोपनीयतेच्या बाबतीत मात्र ती मुलांना अर्धंच सांगते.

आधी चांगलं. पाळीच्या तक्रारी, मुरुम, वजन, तंबाखू, परीक्षेचा ताण, शरीरातल्या बदलांबद्दलचे प्रश्न यांपैकी कशासाठीही पालकांची सही लागत नाही. रक्तक्षयाचं काम तर विशेष नीट होतं. बारा वर्षांपुढच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२च्या खाली असेल तर तो रक्तक्षय. सौम्य किंवा मध्यम असेल तर ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडच्या दोन निळ्या गोळ्या रोज, जेवणानंतर, तीन महिने द्यायच्या असतात. गोळ्या मध्येच सुटण्याचं नेहमीचं कारण म्हणजे शौचाला काळं होतं आणि मूल घाबरतं. हे आधी सांगणारा समुपदेशक भेटला तर कोर्स पुरा होतो. गोळीवर लगेच चहा घेऊ नये, हेही सांगायला हवं.

आता सहीचा प्रश्न. सज्ञानतेचं वय १८. भारतीय न्याय संहिता म्हणजे देशाचा फौजदारी कायदा; तिच्या कलम २७ आणि २८ मध्ये मुलाच्या संमतीबद्दल बोलताना १२ वर्षांची रेषा आहे. १२ ते १८ या मधल्या वयात साध्या उपचाराला मुलाची स्वतःची संमती पुरते की नाही, याचं थेट उत्तर तिथे नाही. म्हणून रुग्णालयं सावध राहतात. बोलणं, साधी तपासणी, गोळ्या इथपर्यंत चालून जातं. भूल, शस्त्रक्रिया किंवा दाखल करणं आलं की पालकांची सही मागतात. एचआयव्ही चाचणीलाही १८च्या आत पालकांची संमती लागते. जीव धोक्यात असेल आणि पालक वेळेत मिळत नसतील, तर न्याय संहितेचं कलम ३० डॉक्टरला संरक्षण देतं. अशा वेळी सहीसाठी खोळंबून राहणं चूक.

सगळ्यांत अवघड जागा पॉक्सोची, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याची आहे. २०१२च्या या कायद्यात १८च्या आतली प्रत्येक व्यक्ती बालक, आणि तिची संमती लैंगिक संबंधात धरली जात नाही. मग दुसरी व्यक्ती सतरा वर्षांचा मित्र असली तरी. कलम १९ प्रमाणे गुन्ह्याची माहिती असलेल्या कुणालाही ती पोलिसांना कळवावी लागते. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. डॉक्टर आणि समुपदेशक यातून सुटलेले नाहीत. म्हणजे खोलीच्या दारावर ‘तुमची माहिती गुप्त राहील’ असं लिहिलेलं असतं आणि आत बसलेल्या माणसावर कळवण्याची सक्ती असते. मुलगी विश्वासाने सगळं सांगते आणि मग पोलीस येतात, तेव्हा तिचा दवाखान्यावरचा विश्वास कायमचा जातो. पुढच्या वेळी ती मेडिकलमधून गोळ्या आणते, डॉक्टरकडे येत नाही. आमच्या मते या सेवेची ही सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती सुधारायला पैसा लागत नाही. पहिला खाजगी प्रश्न विचारण्याआधीच सांगायला हवं की बाकी सगळं आपल्यातच राहील, पण कुणी त्रास देत असेल, जिवाला धोका असेल किंवा अठराच्या आत संबंध आला असेल, तर कायद्याने मला कळवावं लागतं. मग किती बोलायचं हे मूल स्वतः ठरवू शकतं.

गर्भपाताच्या बाबतीत २९ सप्टेंबर २०२२च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने एक वाट मोकळी केली आहे. अल्पवयीन मुलगी आणि तिच्या पालकाने विनंती केली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख देण्याची गरज नाही. कळवणं टळत नाही, ओळख मात्र झाकता येते. पालकाची लेखी संमती लागतेच. पण गर्भपाताच्या १९७१च्या कायद्यात पालक म्हणजे जिच्याकडे मुलीचा सांभाळ आहे ती व्यक्ती, त्यामुळे सांभाळ करणारी मावशी किंवा आजीही त्यात बसू शकते. हे ओपीडीत सहसा कुणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं.

अत्याचार झालेला असेल तर आधी एफआयआर आणा, असं म्हणण्याचा अधिकार रुग्णालयाला नाही. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांनुसार तातडीच्या उपचारासाठी कोणतंही कागदपत्र आधी मागता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते, आणि ती आईवडिलांच्या किंवा मुलीचा ज्यांच्यावर विश्वास आहे अशा व्यक्तीच्या समोर. असं कुणी नसेल तर रुग्णालयाने नेमलेली एक स्त्री सोबत असायला हवी.

जाताना दोन गोष्टी तपासाव्या. खोलीचं दार बंद होतं का, आणि केस पेपरवर तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली जाते. तो कागद शेवटी घरीच जातो. समुपदेशक जागेवर नसेल आणि मन फारच खचलं असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिवसरात्र चालू असतो. छळ किंवा धोका असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.