पंप उतरवण्याआधी दोन हात पारदर्शक पाइप घ्या

सकाळी चालू न होणाऱ्या डिझेल गाडीचा दोष घरी शोधायला वापरलेल्या दोन वस्तूंबद्दल लिहितोय. एक पिवळा डिजिटल मल्टीमीटर, संकेश्वरात इलेक्ट्रिकच्या दुकानात ३५० रुपयांना घेतलेला. दुसरा शेजारच्या हार्डवेअरमधला पारदर्शक पाइप, मापून दोन हात. पाइपला पाचपैकी पाच, मीटरला तीन.

आमची गाडी जुन्या मेकॅनिकल पंपाची (डिझेल दाबून नोझलकडे पाठवतो तो), चोवीस व्होल्टची सहाचाकी. हंगामात ऊस वाहते. दिवसा कुठंही बंद करा, चावी फिरवली की चालू. खरं रात्रभर दारात उभी राहिली की सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. गावात औषधं सांगणारे भरपूर. कुणी म्हणालं नोझल (इंजिनात डिझेल फवारणारे) गेलेत, कुणी म्हणालं थंडी. आपल्याकडच्या थंडीत डिझेल गोठत नाही हो, हे काय लडाख आहे? एका गॅरेजवाल्यानं तर गाडी न बघताच पंप उतरवायचा खर्च सांगितला.

घरी बघायचं असेल तर पहिलं काम फुकटचं. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड. एकानं सेल्फ मारायचा, दुसऱ्यानं सायलेन्सरकडे बघायचं. पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पेट घेत नाही; मग कॉम्प्रेशन, नोझल, टायमिंग यांचा संशय. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. आमच्यात धूर नव्हता, आणि डिझेल हातानं ओढायचा इंजिनजवळचा छोटा हँडपंप घट्ट होईपर्यंत मारला की गाडी लगेच उचलायची. तिथंच अर्धं कोडं सुटलं होतं.

तरी मीटर लावला, कारण सेल्फ जोरात फिरतोय का हे कानानं नक्की कळत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेली हवा तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. इंजिन हळू फिरलं की हवा पुरेशी तापत नाही. भरलेली बारा व्होल्टची बॅटरी रात्रभर उभी राहिल्यावर साधारण १२.६ दाखवते, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको. या मीटरची गंमत अशी की २० च्या रेंजमध्ये चोवीस व्होल्ट मावत नाहीत आणि २०० वर टाकलं तर एकच दशांश दिसतो. चोवीस म्हणजे बाराच्या दोन बॅटऱ्या, म्हणून दोन्ही वेगवेगळ्या मोजा. ते तसंही बरं, एकच बॅटरी मेलेली असली तर लगेच सापडते. आमच्या दोन्ही ठीक निघाल्या.

मग अर्थिंग. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या ब्लॉकवर, आणि सेल्फ. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा आला तर वायरीत किंवा जोडात घाण आहे. आमच्याकडे ०.९ आला. चेसिसवरचा बोल्ट काढून पॉलिश पेपरनं घासला, सेल्फ चांगला फिरायला लागला. सकाळचं रडगाणं मात्र तसंच.

मीटरचे दोन गुण इथंच कापले. सर्वात कमी आकडा धरून ठेवायची सोय नाही, वायरी आखूड, चिमटे नाहीत. मी केबिनमध्ये, पोरगा मीटरवर, आणि दर वेळी त्याचं "पप्पा, थांबा की ओ, आकडा बघू द्या". आणखी एक, १० अँपिअरच्या भोकात लाल पिन घालून बॅटरीला कधीच टेकवू नका. सेल्फ शेकड्यानं अँपिअर ओढतो, ते मोजायचं यंत्र हे नव्हे.

पाइपाची कल्पना आमच्या ओळखीच्या कन्नड मिस्त्रीची. हँडपंपाची गोष्ट ऐकूनच म्हणाला, "सावकार, एर हिडदैती." म्हणजे डिझेलच्या लाइनीत हवा धरलीय. मग पाइप आणला. टाकी आणि डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरच्या मध्ये लावला, डिझेल स्वच्छ. सेपरेटर आणि टाकीतलं डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाच्या मध्ये लावला, तर बुडबुड्यांची माळच. सेपरेटरच्या वाटीचं रबर चपटं झालेलं. ६० रुपयांचं नवीन घातलं, एअर काढली, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या झटक्यात चालू.

त्या वाटीखाली डिझेलचा एक थेंबही दिसत नव्हता, म्हणून कुणाला संशय आला नाही. फीड पंपाच्या अलीकडची बाजू ओढणारी असते. भोक पडलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस प्यायल्यासारखं, रस बाहेर सांडत नाही, हवा आत येते. आणि गाडी रात्रभर उभी राहिली की तेवढ्या हवेनं डिझेल टाकीकडे परत उतरतं. फीड पंपाच्या पुढची गळती असती तर ओलं दिसलं असतं.

पाइपाचा दोष एकच, डिझेलनं तो पिवळा पडून कडक होतो. तपासून झालं की काढा आणि डिझेलचाच रबरी पाइप परत बसवा. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लाइनला हा लावायचा विचारही नको, तिथला दाब त्याला फोडेल. कॉमन रेलच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या जास्त दाबाच्या नव्या डिझेल गाड्यांत नोझलचे नट घरी सैल करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. तिथं स्कॅनरवाला बोलवा. आणि हवा तापवणारा हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर स्टार्टिंग स्प्रे मारू नका, आतच भडका होतो.

दुकानात जाताना जुन्या पाइपाचा तुकडा बरोबर न्या, आतलं माप जुळायला हवं. क्लिपा तिथंच घ्या, दोन्ही टोकांना. क्लिप ढिली राहिली तर तिथूनच हवा ओढली जाते आणि बुडबुडे कुठले ते कळत नाही.