संमती करार की अवॉर्ड? बडोद्याकडे जमीन जाणाऱ्यांसाठी दोन्हींचा हिशोब

जमीन जाणार की वाचणार हा विषय इथे घेत नाही. गुजरातने 2016 मध्ये 2013 च्या भूसंपादन कायद्यात दुरुस्ती केली, ती त्याच वर्षीच्या 15 ऑगस्टपासून लागू झाली, आणि तेव्हापासून रस्ते, रेल्वे, इंडस्ट्रियल कॉरिडॉर अशा कामांना सरकार सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून सूट देऊ शकतं. बुलेट ट्रेनवाल्या शेतकऱ्यांनी हे सगळं हायकोर्टात मांडलं होतं, सप्टेंबर 2019 मध्ये त्यांचे अर्ज फेटाळले गेले. मनाला लागतं हे, वाडवडिलांची जमीन अशी जाते तेव्हा फार लागतं, पण नोटीस हातात आल्यावर घरात बसून ठरवायचं असतं ते एवढंच की संमती करारावर सही करून पैसे घ्यायचे, की कलेक्टरच्या अवॉर्डपर्यंत (भरपाई ठरवणाऱ्या आदेशापर्यंत) थांबून पुढे रेफरन्स (भरपाई वाढवून मागायला भूसंपादन प्राधिकरणाकडे दाद) करायचा. आमच्यावर ही वेळ आली होती. आम्ही राहतो बडोद्यात दांडिया बाजारात, जमीन पादऱ्याकडे.

शंभर टक्के सोलेशियम (जमीन सक्तीने घेतात म्हणून वर मिळणारी तेवढीच रक्कम), ग्रामीण भागाचा गुणक (गावाकडच्या बाजारभावाला ज्याने गुणतात तो आकडा) वगैरे तुम्हाला एव्हाना तोंडपाठ असेल, ते सोडतो. संमतीची बाजू आधी सांगतो कारण ती खरंच कमी नाही. पैसे लवकर येतात, वकील लागत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी हिशोबापेक्षा काही टक्के वर देतात (महाराष्ट्रात 2015 च्या जीआरने थेट खरेदीला 25 टक्के जास्त मिळतात, तशाच धर्तीची ऑफर इकडेही काही प्रकल्पांत ऐकायला मिळते). घरात म्हातारं माणूस असेल, कर्ज असेल, मुलीचं लग्न ठरलेलं असेल तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या जास्तीच्या रकमेचं काय करायचं. माझ्या चुलत भावाने सही केली, त्याला पैसे वेळेवर मिळाले, त्यातून त्याने डभोईकडे जमीन घेतली आणि आज तो तिथे केळी करतो, त्याचा निर्णय चुकला असं मी कधीच म्हणणार नाही.

संमतीत एक कटकट मात्र आधी लक्षात घ्या, सात-बारावर जेवढी नावं तेवढ्या सह्या. आत्या पुण्यात, एक बहीण कॅनडात, पेढीनामा (वंशावळ) काढा, तलाटीकडे वारसाई चढवून घ्या, सहा नंबरच्या जुन्या फेरफार नोंदी शोधा, यातच महिने जातात. अवॉर्डमध्ये भागीदारांचं जमलं नाही तर वादातली रक्कम प्राधिकरणाकडे जमा होते आणि काम पुढे सरकतं. पण हे काही आमचं ठरायचं कारण नव्हतं, सह्या आम्ही जमवल्या असत्या.

आमचं ठरलं ते उरलेल्या तुकड्यावरून. प्रकल्पाची लाईन आमच्या शेतातून तिरकी जात होती, मधला पट्टा जाणार, बोअर आणि मोटरची ओरडी (खोली) एका बाजूला राहणार, आणि दुसऱ्या बाजूला त्रिकोणी तुकडा, साधारण पाऊण विघा, ज्याला ना पाणी ना वाट. जमिनीखालून पीव्हीसीची पाईपलाईन गेलेली, तीही मधोमध तुटणार. ट्रॅक्टर त्या टोकाला वळत नाही, बैल आता कोण ठेवतं, आणि दुसऱ्याच्या बांधावरून रोज जायचं म्हणजे रोजची भांडणं. जॉइंट मोजणीला आलेल्या लोकांनी चुन्याची फक्की टाकून पट्टा आखला, झाडं मोजली, लिंबाचीसुद्धा मोजली, पण उरलेल्या तुकड्याचं काय असं विचारलं की कोणी कागदावर काही लिहायला तयार नाही. संमतीचा फॉर्म छापील होता. सर्वे नंबर, जाणारं क्षेत्रफळ, दर, एकूण रक्कम, खाली "यापुढे कोणतीही मागणी करणार नाही". तुकड्याचा रकानाच नाही. मी म्हटलं दोन ओळी जोडा, पाईपलाईन आणि जायची वाट, तर उत्तर काय, "अंडरपास तो आवशे ज ने, काका" (येणारच ना). कुठे येणार, किती उंचीचा, ट्रॅक्टर ट्रॉलीसकट जाईल का, त्यावर काही नाही. ज्याला माझी सही कागदावर हवी आहे त्याचं आश्वासन मात्र तोंडी, हे मला पटेना. आईने त्याच शेतात भाजी पिकवून आम्हाला शिकवलंय, तिला काय सांगणार होतो मी?

अवॉर्डच्या वाटेवर हा मुद्दा कागदावर आणता येतो, आणि माझ्या मते दोन्हींतला खरा फरक इथेच आहे. 2013 च्या कायद्याचं कलम 28 सरळ म्हणतं की जमीन तुटल्यामुळे उरलेल्या जमिनीचं जे नुकसान होतं ते भरपाई ठरवताना धरायचं. त्यासाठी कलम 21 ची नोटीस आली की आपला दावा लेखी द्यायचा, नकाशा जोडायचा, बोअर कुठे, तुकडा कुठे, फोटोसकट, आणि पोच घ्यायची. हायवेची जमीन असेल तर कायदा 1956 चा नॅशनल हायवे अ‍ॅक्ट, तिथे रेफरन्सऐवजी आर्बिट्रेटर (लवाद) असतो, पण तुकड्याच्या नुकसानीची सोय त्यातही आहे. आमच्या अवॉर्डमध्ये पाईपलाईनचे पैसे आले, तुकड्याचे मनासारखे आले नाहीत, म्हणून रेफरन्स केलाय, तो चालू आहे. म्हणजे सगळं जिंकून बसलोय असं नाही. पण माझी तक्रार निदान फाईलीत आहे आणि तिच्यावर कोणाला तरी उत्तर लिहावं लागणार आहे.

संमती दिली की हे दार बंद होतं. सुप्रीम कोर्टाने 1995 मध्ये गुजरातच्याच एका केसमध्ये सांगितलंय की कराराने रक्कम घेतली तर नंतर वाढीव मागता येत नाही, जुन्या कायद्याखालचा निकाल पण तत्त्व तेच धरतात. शिवाय कलम 73 आहे, त्याच नोटिफिकेशनमधल्या (भूसंपादनाच्या जाहीर सूचनेतल्या) शेजाऱ्याला प्राधिकरणाने वाढवून दिलं तर रेफरन्स न केलेल्यालाही तीन महिन्यांत तसाच अर्ज करता येतो, पण हे अवॉर्डवाल्यांसाठी, करार करणाऱ्याला त्याचा फायदा धरता येणार नाही. आणि वाढीव रकमेवर पहिलं वर्ष 9 टक्के, नंतर 15 टक्के व्याज मिळतं, त्यामुळे उशिराची थोडी तरी भरपाई होते.

अवॉर्डची वाईट बाजू लपवत नाही. तारखा पडतात, वकील फी मागतो, आणि बाजारभाव नोटिफिकेशनच्या तारखेला गोठतो. जंत्री (सरकारी जमीनदरांचा तक्ता) 2011 नंतर थेट 15 एप्रिल 2023 ला दुप्पट झाली, ज्यांचं नोटिफिकेशन त्याआधीचं आहे त्यांना जुन्याच जंत्रीवर हिशोब सोसावा लागला. अवॉर्डपर्यंत वर्षाला 12 टक्के मिळतात खरे, पण जमिनीचे भाव त्याहून जोरात पळतात.

म्हणून माझं मत असं, अख्खा सर्वे नंबर जातोय, मागे काही उरत नाही आणि दर बरा आहे तर संमती द्यायला हरकत नाही, मीही दिली असती. फक्त त्यात दोन गोष्टी बघा. एक, करार कुठल्या कायद्याखाली होतोय. 2013 च्या कायद्याखालचा करार असेल तर कलम 96 मुळे इन्कम टॅक्स नाही, साधं खरेदीखत करून घेत असतील तर आधी सीएला दाखवा. दोन, सगळीच शेती जात असेल तर शेतकरी खातेदार असल्याचा दाखला लगेच मागून घ्या, गुजरातमध्ये बिनशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही आणि हातात नुसते पैसे असून भागत नाही. वुडाची (बडोद्याच्या नगरविकास प्राधिकरणाची) टीपी म्हणजे नगररचना स्कीम असेल तर गोष्टच वेगळी, तिथे कपात होऊन फायनल प्लॉट परत मिळतो, त्याची यात गल्लत करू नका.

पण जमीन तुटत असेल, पाणी एकीकडे आणि माती दुसरीकडे राहत असेल तर मी थांबाच म्हणेन. थांबणाऱ्यांनी अवॉर्डचे पैसे नाकारून बसायची गरज नाही, पैसे घ्या, पण पावतीवर "हरकत राखून" असं स्वतःच्या हाताने लिहा, त्याशिवाय घेतले तर कलम 77 मुळे रेफरन्सचा हक्क जातो. मुदत फक्त सहा आठवडे, अवॉर्डच्या वेळी हजर असाल तर त्याच दिवसापासून, त्यामुळे अवॉर्डची नक्कल त्याच दिवशी मागा आणि अर्जात उरलेल्या तुकड्याचं क्षेत्रफळ वेगळं लिहा.