शेळ्या आणि कोंबडीची पिल्लं असतील तर बार्शीतलं हे दुकान बघाच

बार्शीत मार्केट यार्डाकडं पशुखाद्याची दुकानं खूप आहेत, सरकी पेंड, गोळी पेंड कुठंही मिळते, पण पिल्लांची लस, शेळ्यांचं औषध आणि स्टार्टर (पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य) हे सगळं एका जागी आणि वर धड माहितीसकट देणारं दुकान मला हे एकच सापडलं म्हणून मुद्दाम लिहितेय. आमचं काही मोठं फार्म नाही, थोड्या उस्मानाबादी शेळ्या आणि परसात कोंबड्या, आणि असल्या छोट्या गिऱ्हाईकाला बरेच दुकानदार दारात उभं करत नाहीत हे ज्याच्याकडं चार शेळ्या आहेत त्याला चांगलं माहितीय. इथले काका मात्र आधी विचारतात. पिल्लं किती दिवसांची, शेळी गाभण आहे का, असली तर कितव्या महिन्यात, शेवटचं औषध कधी पाजलं होतं. मग बाटलीला हात लावतात.

सगळ्यात आधी लसीचं सांगते कारण तिथंच दुकानाची खरी परीक्षा होते. कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लासोटा लस 2 ते 8 डिग्रीतच राहिली पाहिजे, नाहीतर बाटली हातात आहे पण आत लस मेलेली, आणि ते बाहेरून अजिबात कळत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मला हीच लस साध्या कॅरीबॅगेत घालून देत होते, भर एप्रिलात, ‘अर्ध्या तासाचा तर रस्ता आहे’ म्हणून. मी घेतली नाही. इथं फ्रिजमध्ये थर्मामीटर लावलेला दिसतो, काका बाटली बर्फाच्या पिशव्यांमध्ये गुंडाळून थर्मासातच देतात, आणि थर्मास आणला नसेल तर लस देत नाहीत, मग तुम्ही कितीही लांबून आलेला असा. पहिल्यांदा राग येतो खरा. पण लागलीच समजावून सांगतात की पिल्लू पाच ते सात दिवसांचं झालं की डोळ्यात एक थेंब, पिल्लानं डोळा मिटून उघडला की मगच सोडायचं, चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात परत लासोटा, देवीची लस सहा-आठ आठवड्यांनी. पाण्यातून द्यायची असेल तर नळाचं क्लोरीनवालं पाणी नको, विहिरीचं घ्या आणि त्यात थोडी साय काढलेल्या दुधाची पावडर टाका. आणि कालवलेली लस दोन तासांत संपवायची, उरली तर टाकून द्यायची, उद्यासाठी ठेवायची नाही. एवढं सगळं काउंटरवर उभं राहून, मागं चार माणसं थांबलेली असताना सांगणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

शेळ्यांच्या बाबतीतही तसंच. जंताचं औषध मागायला गेले तर म्हणाले, "ताई, पापणी बघितली का?" आणि दुकानासमोर एकानं बोकड बांधला होता त्याच्याच डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून दाखवली. आतनं लालगुलाबी असेल तर घाई नाही, पांढुरकी पडली असेल तर पोटातले जंत रक्त पितायत असं समजा. सगळ्या कळपाला दर महिन्याला उगाच औषध पाजत बसलं की जंतांना त्याची सवय होते आणि मग खरी गरज असते तेव्हा औषध चालतच नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण आमच्या भागात सगळे असंच पाजतात. गाभण शेळीला, त्यातून पहिल्या महिन्या-दीड महिन्यात, अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊ नका म्हणून स्वतःहून सांगितलं. तिथं छताला ताणकाटा टांगलेला आहे, करडू गोणीत घालून वजन करून देतात आणि त्या वजनावर किती मिली ते बाटलीवर पेननं लिहून देतात. ही एक गोष्ट मला फार आवडली.

पीपीआरच्या (शेळ्यांच्या साथीच्या रोगाच्या) लसीला तर ते सरळ सरकारी दवाखान्यात पाठवतात, तिथं मोहिमेत फुकट टोचतात आणि एकदा टोचली की साधारण तीन वर्षं बघायला नको. आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याच्या रोगाची) लस मात्र दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा डोस, कारण पाऊस पडून कोवळं गवत आलं की अधाशासारखं खाणारं तगडं करडूच रात्रीत जातं. इंजेक्शनं आणि अँटिबायोटिक डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाहीत, भिंतीवर 1962 नंबर मोठ्ठा लिहिलाय, फिरत्या दवाखान्याचा, आणि नड असेल तर स्वतःच्या फोनवरून लावून देतात.

खाद्याचं म्हणाल तर चिक स्टार्टर चांगलं असतं, पोत्यावरची तारीख दाखवूनच देतात. मका जुना झाला, ओल लागली की बुरशी धरतो आणि त्याचं विष लहान पिल्लांच्या लिव्हरवर जातं, त्यामुळं गुठळ्या झालेलं किंवा कुबट वास येणारं खाद्य स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. मी स्टार्टर आणि शेळ्यांची मिनरलची चाटण वीट एकदमच घेत होते तर काकूंनी (त्या हिशोबाला बसतात) विचारलं की दोन्ही एकाच आवारात का, मग पिल्लांचं खाद्य शेळीच्या तोंडाला लागणार नाही असं ठेवा, बुटकं दार करा, पिल्लू आत जाईल पण शेळीचं डोकं जाणार नाही एवढंच. धान्याचं बारीक खाद्य शेळीनं पोटभर हाणलं तर पोटात आंबतं, पोट फुगतं, शेळी दात खात बसते आणि वेळेत कळलं नाही तर जाते. ज्यांच्याकडं दोन्ही आहे त्यांनी हे खरंच मनावर घ्या, आमच्या भावकीत एक व्यायला झालेली शेळी याच्यापायी गेलीय.

ब्रूडरचे (पिल्लांना ऊब द्यायच्या जागेचे) बल्ब आणि पत्र्याच्या टोप्याही इथं आहेत. मी साधे बल्ब घेतले, लाल 250 वॅटचा नको म्हणाले कारण आमचं खुराडं लहान आणि खाली भाताचं तूस, तो बल्ब निसटून पडला तर पेटायला वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात 35 डिग्रीच्या आसपास ऊब, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी, पण थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडं बघा. बल्बखाली एकावर एक चढली तर गारठलीत, कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतायत तर गरम होतंय, सगळीकडं पसरून टिपतायत तर बरोबर. आणि पिल्लांभोवती चटई उभी करून गोल लावायची, कोपरा ठेवायचाच नाही, रात्री लाईट गेली की पिल्लं कोपऱ्यात ढीग करतात आणि खालची गुदमरून मरतात.

आता जे आवडलं नाही ते पण सांगते. सुटं स्टार्टर देतात पण ते पोतं दिवसभर उघडं असतं, वर झाकण नाही, चिमण्या येऊन बसतात आणि त्यांच्या शिटेतून रोग येतो हे काकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं, त्यामुळं तिथं एक झाकणाचा पिंप हवाच. मी तोंडावर सांगितलंय, बघू. लासोटाची छोटी बाटली कधीकधी नसते, मग वीस पिल्लांसाठी मोठी फोडावी लागते आणि उरलेली वाया जाते, आम्ही शेजारच्या दोघी-तिघींनी मिळून एकाच दिवशी लस करायचं ठरवलं तेव्हा ते परवडायला लागलं. उधारी अजिबात नाही. भाव म्हणाल तर पोत्यामागं चार पैसे जास्त असतील, मला चालतं.

माझ्याकडनं पाचपैकी साडेचार. सकाळी लवकर जा, नंतर आडतीची गर्दी झाली की काकांना बोलायला सवड मिळत नाही. थर्मास घरनं न्या, बर्फ ते देतात, आणि औषध करडांसाठी असेल तर एखादं करडू गाडीवर सोबत घेऊन गेलात तरी चालतंय, वजन तिथंच होतं.