एलसीडीवाला एसएमपीएस टेस्टर: 'ओके' म्हणाला म्हणून सप्लाय निर्दोष सुटला नाही

⭐⭐⭐ (५ पैकी ३)

जुना पीसी सकाळी दोन-तीनदा बटण दाबल्यावर उठतो, एकदा तापला की दिवसभर नीट चालतो, नाहीतर गेम सुरू करताच रीस्टार्ट होतो. अशा बिघाडासाठी पीसीचा पॉवर सप्लाय (एसएमपीएस) तपासणारा हा टेस्टर घेणार असाल तर त्याची मर्यादा आधी समजून घ्या.

वापर सोपा आहे. हार्डडिस्क आणि ग्राफिक्स कार्डाच्या वायरी काढा, मदरबोर्डचा २४ पिन आणि सीपीयूचा ४ किंवा ८ पिन कनेक्टर टेस्टरला लावा, मग मेन्स चालू करा. १२ व्होल्ट ११.४० ते १२.६०, ५ व्होल्ट ४.७५ ते ५.२५ आणि ३.३ व्होल्ट ३.१४ ते ३.४७ च्या आत हवेत. पीजीचा (पॉवर गुड, म्हणजे 'सप्लाय स्थिर झाला' हा सिग्नल यायला लागणारा वेळ) आकडा १०० ते ५०० मिलिसेकंद. पीसी अजिबातच उठत नसेल तर ५व्हीएसबी (पीसी बंद असतानाही चालू राहणारे स्टँडबाय ५ व्होल्ट) आधी बघा, तिथे हा टेस्टर खरंच वेळ वाचवतो.

अडचण अशी की तो सप्लायवर लोड जवळपास टाकतच नाही. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आतले कपॅसिटर वाळतात, त्यांचा अंतर्गत रोध वाढतो. मग रिपल (व्होल्टेजमधली बारीक थरथर) वाढतो आणि अचानक लोड आला की व्होल्टेज क्षणभर कोसळतं. थंड कपॅसिटरचा रोध आणखी जास्त, म्हणून त्रास सकाळीच. टेस्टरवर मात्र सगळं ठीक! निदान तपासणी रात्रभर बंद असलेल्या सप्लायवर तरी करा. तापलेल्या सप्लायच्या आकड्यांवरून या बिघाडाबद्दल काहीच कळत नाही.

त्यापुढे मल्टिमीटरच हवा. २० व्होल्ट डीसी रेंज, काळा प्रोब मोलेक्सच्या (जुन्या हार्डडिस्कच्या ४ पिन कनेक्टरच्या) काळ्या वायरीत, लाल पिवळीत (१२ व्होल्ट), आणि पीसी पूर्ण लोडवर. ११.४० च्या खाली घसरला तर सप्लाय बदला. मोलेक्सवर ठीक पण २४ पिनच्या मागून मोजल्यावर कमी आलं, तर दोष बहुधा कनेक्टरचा: तपकिरी पडलेलं प्लॅस्टिक शोधा. रिपल मल्टिमीटरच्या डीसी रेंजवरही दिसत नाही. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचे झटपट चढउतार दाखवणारं यंत्र) नसेल तर खात्रीचा दुसरा सप्लाय लावून बघणं हाच पक्का उपाय.

सप्लायचं झाकण मात्र उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट किंवा त्याहूनही जास्त असतात आणि प्लग काढल्यावरही काही वेळ टिकतात.

घ्यायचाच असेल तर आकडे दाखवणाराच घ्या. नुसत्या एलईडीवाल्यात ११.३ आणि १२.१ मधला फरक कळेलच असं नाही.