ऐंशी चाचण्या, पण रक्तदाबाचा पत्ता नाही

वयाच्या २९व्या वर्षी, प्रकृतीची कसलीही तक्रार नसताना, केवळ आईच्या आग्रहाखातर मी पुण्यातील एका पॅथॉलॉजी लॅबचे ‘फुल बॉडी चेकअप’ पॅकेज घेतले. ‘ऐंशीहून अधिक चाचण्या’ अशी त्याची जाहिरात होती आणि मूळ किंमत खोडून खाली १,९९९ रुपये लिहिले होते.

रक्त घेण्याच्या कामात नाव ठेवायला जागा नाही. ठरल्या वेळी, सकाळी साडेसहाला, एक तरुण दारात हजर झाला. जांभळ्या, करड्या आणि पिवळ्या झाकणाच्या तीन नळ्यांवर माझ्यासमोरच नावाची लेबले लावून त्याने एकाच टोचणीत रक्त काढले. संध्याकाळी चौदा पानांचा रिपोर्ट मोबाइलवर आला.

तो वाचताना ऐंशीचा हिशेब उलगडत गेला. रक्तपेशी मोजणाऱ्या एकट्या हिमोग्रामच्या दोन डझन ओळी म्हणजे दोन डझन ‘चाचण्या’. कोलेस्टेरॉलच्या एका आकड्याला दुसऱ्याने भागून येणारी गुणोत्तरेही वेगवेगळ्या चाचण्या म्हणून मोजलेली होती. भागाकारासाठी पैसे देण्याचा प्रसंग शाळेनंतर प्रथमच आला.

त्या चौदा पानांत बिलिरुबिन (यकृत शरीराबाहेर टाकते ते रक्तातील पिवळे द्रव्य) १.६ हा आकडा लाल रंगात होता. दुसऱ्याच दिवशी लॅबमधून फोन आला आणि लिव्हरचे वेगळे पॅकेज सुचवण्यात आले. वर प्राप्तिकराच्या ‘८० डी’ कलमाखाली कर वाचेल, हेही सांगण्यात आले. मी नव्या करप्रणालीत असल्यामुळे त्या सवलतीचा मला उपयोग नव्हता, परंतु आईची झोप मात्र उडाली.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून पहिला प्रश्न विचारला, “उपाशी किती तास होतास?” मी चौदा तास उपाशी होतो. यकृताची बाकीची एन्झाइम्स आणि हिमोग्लोबिन नीट असून केवळ इनडायरेक्ट, म्हणजे यकृताने अजून प्रक्रिया न केलेले, बिलिरुबिन थोडे वाढलेले असेल, तर ते बहुधा गिल्बर्ट सिंड्रोमचे लक्षण असते, ही जन्मजात आणि निरुपद्रवी बाब असून उपाशी राहिल्याने तो आकडा आणखी चढतो, असे त्यांनी समजावले. पुढे ते म्हणाले की, रिपोर्टमधील ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे ९५ टक्के निरोगी माणसे तीत बसतील अशा बेताने आखलेली असते. त्यामुळे एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर धडधाकट माणसाचाही निदान एक आकडा लाल येण्याची शक्यता ६४ टक्के असते. पॅकेज जितके मोठे, तितकी घबराट मोठी.

निरोगी माणसांच्या सरसकट तपासण्यांचा, वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१९ मध्ये घेतलेला आढावा १७ प्रयोगांचा आणि अडीच लाखांहून अधिक लोकांचा होता. अशा तपासण्यांमुळे मृत्यूचे प्रमाण घटल्याचे त्यात दिसले नाही. हे प्रयोग मुख्यतः युरोप-अमेरिकेतील होते आणि आपल्याकडे मधुमेह कमी वयात गाठतो, हे लक्षात घेतले तर तरुणांनी काहीच तपासू नये असे मी म्हणणार नाही. सरकारी कार्यक्रमातही तिशीपासून रक्तदाब आणि साखर तपासतात. घरात मधुमेह असेल किंवा पोटाचा घेर पुरुषाचा ९० आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर त्याआधीही साखर पाहावी. लग्न ठरत असेल, तर थॅलेसेमियाची आणि विशेषतः विदर्भातील किंवा नंदुरबारकडील कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी करून घ्यावी; हे रक्ताचे आजार आईवडिलांकडून मुलांत येतात. माझ्या ऐंशी चाचण्यांत या दोन्हींसाठी लागणारी, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून पाहणारी एचपीएलसी तपासणी नव्हती.

आणि रक्तदाबही नव्हता. घरी आलेल्या त्या तरुणाकडे नळ्या, सुया, बर्फाची पेटी असे सगळे होते, पण रक्तदाबाचे यंत्र नव्हते. कारण रक्तदाब नळीत भरून नेता येत नाही. कमरेचा घेर, घरातील आजार, तंबाखू, झोप यांपैकी कशाचीही विचारणा कोणी केली नाही.

फॅमिली डॉक्टरांनी ३०० रुपये फीमध्ये वजन केले, टेपने कंबर मोजली आणि रक्तदाब घेतला. तो १३४/८६ भरला. बाबांना चाळिशीतच रक्तदाबाची गोळी सुरू झाली होती, हे कळल्यावर त्यांनी पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा मोजला आणि आठवडाभर घरी मोजून आकडे वहीत लिहून आणायला सांगितले. मीठ आणि रात्रीचे जागरण यांवर आमचे बोलणे बिलिरुबिनपेक्षा जास्त वेळ चालले.

लॅबला वक्तशीरपणा आणि स्वच्छता यांसाठी पाचपैकी चार गुण देतो, पॅकेजला एक. पुढील वर्षाच्या ‘ऑटो रिन्यूअल’ची खूण ॲपमध्ये आधीच केलेली असते, ती काढायला मला तीन फोन करावे लागले.