घडीची की जड? पॉवर व्हीलचेअर घेताना पडण्याचा विचार

बडोद्यात दांडिया बाजारात राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, बाबांसाठी घडीची हलकी पॉवर व्हीलचेअर घ्यावी की न दुमडणारी जड? एका चार्जिंगमध्ये किती चालते ते दुकानदार सांगेलच. मला काळजी आहे पडण्याची.

चढावर वजन मागे जातं आणि हलकी खुर्ची लवकर उलटते, पाठीला पिशवी लटकत असेल तर आणखीच. जड खुर्चीच्या बॅटऱ्या सीटखाली, जमिनीलगत असतात, त्यामुळे ती तोल धरते. मागची उलटू न देणारी छोटी चाकं दोन्हींत हवीतच. उंबरठ्याला अडतात म्हणून ती काढू नका, रॅम्प करा: 1 फूट उंचीला 12 फूट लांब.

गटाराच्या जाळीत पुढचं चाक अडकलं की माणूस पुढे फेकला जातो. घडीच्या खुर्चीचं हे चाक बहुधा लहान असतं. कमरपट्टा दोन्हींत बांधाच.

जॉयस्टिक, म्हणजे हाताशी असलेली चालवायची दांडी, सोडली की ब्रेक लागून दोन्ही थांबतात. पण मोटर चाकांपासून सोडवून कुणी हाताने ढकलताना तो ब्रेक लागत नाही. उतारावर जड खुर्ची ढकलणाऱ्या एकट्याला आवरणार नाही. इथे हलकी बरी.

बसता-उठताना मात्र पॉवर बंदच हवी. बाही जॉयस्टिकला अडकली तरी खुर्ची पुढे सरकते.

बाबा रोज एकटे कमाटीबागेत जाणार असतील तर जडच घ्या. गाडीच्या डिकीत टाकून दवाखान्यात न्यायची, सोबत कायम कुणीतरी असणार, तर घडीची पुरेल.