साडेसहा हजारांचे दहा पैसे

भुसावळच्या लोको शेडमध्ये मी 31 वर्षं फिटर होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना "फिटर असून हे कळलं नाही?" असं तुम्हाला वाटेल ते आत्ताच वाटून जाईल. आमच्या घरच्यांनी तर तोंडावरच म्हटलं.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. दोंडाईचापर्यंत रेल्वे, पुढे बस. गेलो घोडे बघायला, पण घोडेबाजाराच्या अलीकडेच एकाने टेबलावर जुनी नाणी मांडलेली दिसली. शिवराया, भोकाचे पैसे, जुन्या नोटा. नाण्यांचा नाद मला रिटायर झाल्यावर लागला. ज्ञान बेताचं आणि हौस मोठी, असं गिऱ्हाईक त्याने लांबूनच ओळखलं असणार.

"काका, हे बघा, पण पिशवीतूनच बघा."

अ‍ॅल्युमिनियमचं, नागमोडी काठाचं दहा पैशांचं नाणं होतं. आपल्या लहानपणी गोळीला मिळायचे तेच. पण दहाच्या आकड्यावर आडवातिडवा अजून एक ठसा, एक रुपयाच्या नाण्याचा. एकचा आकडा, बाजूची कणसं, 'रुपया' ही अक्षरं, सगळं ओळखू येत होतं. तो म्हणाला, टांकसाळीत दहा पैशाचं नाणं चुकून रुपयाच्या मशीनमध्ये गेलं, असा पीस लाखात एक. वर सालाखालचा हिरा दाखवला. "मुंबई टांकसाळीची खूण आहे काका, ही खोटी असते का?" खूण खरीच होती. हिरा मुंबईचा, हैदराबादचा तारा, नोएडाचा गोल ठिपका आणि कोलकात्याला खूणच नाही, एवढं मलाही माहीत होतं. म्हणून तर माझा विश्वास बसला. सोबत त्याने होलोग्राम चिकटवलेलं, लॅमिनेशन केलेलं सर्टिफिकेटही दिलं. ते त्यानेच छापलेलं आहे हे मला पुढे कळलं. नऊ हजार सांगून साडेसहा हजारांना दिलं. वर पाचशे रुपयांत दोन नाणी अजून घेतली, त्यांचं पुढे सांगतो.

जळगावला एक जुने संग्राहक आहेत. शाळेत मास्तर होते, त्यामुळे सगळे सरच म्हणतात. मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे पिशवी ठेवली. त्यांनी सराफाकडे असतं तसं भिंग डोळ्याला लावलं, अर्धा मिनिट बघितलं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"वाचा बरं, काय लिहिलंय?"

"रुपया."

"कोणीकडून?"

मग माझ्या लक्षात आलं. अक्षरं उलटी होती, आरशात दिसावीत तशी. आणि वर उठलेली नव्हती, धातूत खाली दबलेली होती.

सर म्हणाले, "टांकसाळीच्या डायवर, म्हणजे ठसा मारायच्या साच्यावर, अक्षर उलटं आणि खोल कोरलेलं असतं, म्हणून नाण्यावर ते सुलटं आणि उठावाचं येतं. दहा पैसे खरंच रुपयाच्या डायखाली गेले असते तर हा रुपया सुलटा आला असता. अशी चूक जगात होतच नाही असं नाही. पण हे डायने मारलेलं नाही, नाण्याने दाबलेलं आहे." मग विचारलं, "तुम्ही रेल्वेत काय होते?"

"फिटर."

"मग घरी व्हाइस असेल की. जा, करून बघा." (व्हाइस म्हणजे दोन जबड्यांत वस्तू आवळून धरायचा शिकंजा.)

मी तरी वाद घातला. उलटे, खोलगट ठसे असलेली खरी नाणीही असतात ना, ब्रोकेज म्हणतात ती? असतात. एखादं मारलेलं नाणं डायला चिकटून राहतं आणि पुढची कोरी चकती त्याच्यावर आपटते, तेव्हा तसं होतं. पण त्या वेळी त्या बाजूची डाय चिकटलेल्या नाण्याने झाकलेली असते, म्हणून ठसा पूर्ण झाकला असेल तर त्या बाजूला उलट्या चित्राशिवाय दुसरं काही उमटत नाही. माझ्या नाण्यावर रुपयाच्या खाली दहाचा आकडा चेपलेला, पण जागेवर दिसत होता. म्हणजे नाणं आधी पूर्ण तयार होऊन बाहेर पडलं होतं आणि दाब नंतर बसला होता. मागे उलटून बघितलं तर सिंहांची तोंडं बरोबर त्याच जागी चपटी झालेली. ती बाजू जबड्याला टेकली होती, दुसरं काय. आणि तो हिरा? नाणं मुळात अस्सल होतं, मग हिराही अस्सलच असणार. खोटं फक्त नंतरचं काम होतं.

भुसावळला लहानपण गेलेल्या माणसाने हे ओळखायलाच हवं होतं. आम्ही पोरं रुळावर पाच पैसे ठेवून मालगाडीची वाट बघायचो, का तर त्याचं लोहचुंबक होतं म्हणे. अ‍ॅल्युमिनियमचं कसलं चुंबक! पण चपट्या नाण्यावर चित्र एकाच दिशेने ओढल्यासारखं पसरतं आणि कड नाहीशी होते, हे आम्ही शंभर वेळा पाहिलेलं. तशी रुळावरची नाणीही आता 'पसरट एरर', म्हणजे टांकसाळीची चूक, म्हणून खपवतात. टांकसाळीत कॉलरच्या, म्हणजे ठोक्याच्या वेळी नाण्याची कड धरून ठेवणाऱ्या कड्याच्या, बाहेर मारलं गेलेलं नाणंही पसरतं, पण त्याचं चित्र ओढलेलं नसतं, धारदार असतं.

बाकीची दोन नाणी सरांनी दोन मिनिटांत निकालात काढली. एक होतं चंद्रकोरीसारखा तुकडा गेलेलं. खऱ्या प्रकारात पत्र्यातून चकती कापतानाच ती आधीच्या भोकावर जाते. पुढे तिची कड उभारताना तुटलेल्या भागाच्या बरोबर समोर दाब कमी मिळतो, त्यामुळे तिथली कडही बऱ्याचदा फिकी राहते. माझ्या नाण्याची समोरची कड ठणठणीत होती आणि कापलेल्या जागी कानशीचे ओरखडे. अहो, कानस! माझ्या हातात 31 वर्षं दुसरं काय होतं?

दुसरं होतं दहा रुपयांचं, मधली चकती फिरलेली, सिंह तिरके. हे मात्र मी इतर हौशी लोकांकडेही पाहिलंय, म्हणून सविस्तर सांगतो. दहाच्या नाण्यात बाहेरचं कडं आणि मधली चकती आधी कोऱ्याच एकत्र बसवतात, मग एकाच ठोक्यात दोन्हींवर चित्र उमटतं. कोऱ्या चकतीला वरखाली काय असणार? ती कशीही बसली तरी चित्र सरळच येतं. मधला भाग फिरलेला किंवा उलटा बसलेला दिसला तर तो नंतर कोणीतरी काढून पुन्हा ठोकलेला. चकती एका बाजूला सरकलेली असू शकते, पण तिथे चित्र दोन्ही धातूंवरून न तुटता गेलेलं दिसतं.

मधल्या काळात मी अजून एक मूर्खपणा करता करता वाचलो. पैसे निघावेत म्हणून त्या दहा पैशांचा फोटो मोबाइलवर टाकला. दुसऱ्याच दिवशी फोन आला. रिझर्व्ह बँकेकडून बोलतोय, तुमच्या नाण्याला 3 लाखांचं गिऱ्हाईक आहे, आधी 2,100 रुपये नोंदणी फी भरा. मी क्यूआर कोड उघडून बसलो होतो, सूनबाईने हातातून मोबाइल काढून घेतला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्येच जाहीर केलं होतं की अशा व्यवहारांशी आमचा संबंध नाही आणि आम्ही कसलंही कमिशन घेत नाही. तिने ते पत्रक शोधून माझ्यासमोर धरलं.

पुढच्या वर्षी त्या टेबलवाल्याला यात्रेत शोधलं. नव्हता.

शेवटी एका दुपारी व्हाइस पुसून घेतला. खोक्यातले साधे दहा पैसे घेतले, त्यावर जुना जाड रुपया ठेवला, जबड्यांच्या खाचा उमटू नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी चामड्याचे तुकडे लावले. हाताने आवळून नुसता हलका डाग पडला. मग दांड्यात पाइप घातला आणि अंग टाकलं. सोडवून बघितलं तर उलटा रुपया. चामड्याच्या बाजूचे सिंह चपटे. सगळं मिळून दहा मिनिटं लागली नसतील.

दोन्ही नाणी आता एकाच डबीत आहेत. नातवाला विचारलं, यातलं साडेसहा हजारांचं कोणतं? त्याने माझं दाखवलं. तसा माझा ठसा जरा जास्त साफ उठलाय.